शाळेची हिरवळ, बाग आणि पायवाट
(इयत्ता तिसरी ते पाचवी : परिसर अभ्यास व गणित यांचा जोडपाठ)

वर्गात जे शिकविले जाते त्याचा पडताळा वर्गाबाहेर मिळावा, ही प्राथमिक शिक्षणाची जुनी अपेक्षा आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी व कोसबाड येथे काम करताना, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. मूल जेथे आहे तेथील पाने, पाखरे व खडे हेच तिचे साहित्य होते. या दृष्टीने आपल्या शाळांच्या आवारांकडे पाहिले असता एक विसंगती ध्यानात येते. अनेक शाळांच्या दर्शनी भागी हौसेने हिरवळ लावलेली असते, तिच्या भोवती तार असते आणि तारेवर 'आत जाऊ नये' अशी पाटी असते. म्हणजे आवारातील सर्वांत जपलेली जागा हीच मुलांना वर्ज्य असते. अशा हिरवळीच्या जागी फुलपाखरांना, पक्ष्यांना व मुलांनाही आसरा देणारी बाग कशी करावी, आणि तीत चांगली बांधलेली पायवाट का असावी, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

१. हिरवळीचा हिशेब

कातरलेल्या हिरवळीची चाल इंग्लंडसारख्या देशांतून आपल्याकडे आली. लंडन येथे वर्षाकाठी सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्यास सुमारे ७०० मिलिमीटर पडतो. आकडे पाहता पुण्याची हिरवळ अधिक सुखी असावयास हवी. परंतु लंडनचा पाऊस बारा महिन्यांत थोडाथोडा विभागलेला असतो, तर पुण्याचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. उरलेले आठ महिने हिरवळ हिरवी ठेवावयाची म्हणजे ते पाणी आपणच घालावयाचे.

ते किती, हे विद्यार्थ्यांकडून काढवून घ्यावे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. उन्हाळ्यात पठारावरील हिरवळीस रोज निदान ५ मिलिमीटर पाणी लागते असे धरू. हिरवळ १० मीटर लांब व १० मीटर रुंद असल्यास क्षेत्रफळ १०० चौरस मीटर, आणि रोजचे पाणी ५०० लिटर. शाळेच्या वेळात एका मुलास पिण्यास एक लिटर पाणी पुरते असे मानल्यास, हे पाचशे मुलांचे पाणी झाले. ज्या गावी चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते व मुले घरून पाण्याची बाटली आणतात, त्या गावी हे उत्तर फळ्यावर आल्यावर अधिक विवेचनाची गरज उरत नाही.

तथापि खेळाचे मैदान व शोभेची हिरवळ या दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नये. मैदान मुलांच्या पायांखाली असते. ते जसेच्या तसे राहावे. बदल करावयाचा तो तारेआडच्या जागेत.

२. बागेतील पाहुणे

एकाच जातीचे व वारंवार कातरलेले गवत असेल तर तेथे फूल येत नाही, बी धरत नाही आणि कीटकांस आडोसा मिळत नाही. कीटक नाहीत म्हणून पक्षीही थांबत नाहीत. चिमणी धान्य खाणारी म्हणून आपणास परिचित आहे. परंतु तीसुद्धा आपल्या लहान पिलांना मुख्यतः अळ्या व किडे भरविते. ज्या आवारात अळीला जागा नाही, तेथे चिमणीचा संसारही नीट चालत नाही.

याचे उत्तम उदाहरण लिंबाचे झाड होय. काळ्या-पिवळ्या ठिपक्यांचे एक फुलपाखरू लिंबाच्या कोवळ्या पानावर अंडी घालते. फुलपाखरास पायांनी चव कळते. पानावर उतरताच हे आपले झाड की नव्हे, हे ते ओळखते. अंड्यातून निघालेली लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे तिला कोणी खाण्यास धजत नाही. मोठी झाल्यावर ती पानासारखी हिरवी होते, आणि डिवचली असता डोक्यामागून नारिंगी रंगाची दुभंगलेली शिंगे बाहेर काढून उग्र वास सोडते. पुढे कोश, आणि कोशातून फुलपाखरू. उबदार हवेत हा सारा प्रवास सुमारे महिन्याभरात पुरा होतो. म्हणजे एका घटक-चाचणीपासून दुसरीपर्यंतच्या काळात वर्गास तो आरंभापासून अखेरपर्यंत पाहता येतो. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य-फुलपाखरू म्हणून घोषित केलेले नीलवंत हेही लिंबाच्या कुळातील झाडांवरच वाढते. पानास भोक दिसताच औषध फवारण्याची सवय असल्यास ती येथे सोडावी लागेल. भोक पडलेले पान हे या बागेत दोष नसून पाठ्यवस्तू आहे.

लागवडीसाठी आपल्या भागातील काटक झाडे निवडावी. कागदी लिंबू व कढीपत्ता फुलपाखरांच्या अळ्यांसाठी, तरवड, अडुळसा व तुळस मधमाश्यांसाठी, जास्वंद शिंजिरासाठी, आणि जागा असल्यास कडेला एक बहावा किंवा आपला राज्यवृक्ष आंबा. बहाव्याच्या पानांवर पिवळसर फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. बागेच्या एका कोपऱ्यात स्थानिक गवत न कातरता वाढू द्यावे व ते बी धरल्यावरच कापावे. घाणेरी फुलपाखरांस आवडत असली तरी ती परदेशी असून रानोमाळ पसरते. ती लावू नये. कण्हेर व धोतरा विषारी आहेत. लहान मुलांच्या शाळेत त्यांस स्थान नसावे. रुईचा चीक डोळ्यांस अपायकारक असल्याने रुई मुलांच्या हाताबाहेरच्या कुंपणालगतच ठेवावी.

पाण्यासाठी मातीचे उथळ परळ ठेवून त्यात दोन-चार खडे टाकावे, म्हणजे मधमाशीस बसून पाणी पिता येते. परळातील पाणी रोज बदलावे. साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डास तयार होतात.

३. पायवाट

अशी बाग पुष्कळ ठिकाणी हौसेने सुरू होते आणि दुसऱ्या पावसाळ्यात तिचे रान होते. याचे प्रमुख कारण म्हणजे वाट आखलेली नसते. मुले वाटेल तेथून जातात, रोपे तुडविली जातात, चिखल होतो, आणि अखेरीस पुन्हा 'आत जाऊ नये' ही पाटी लागते. कुबडी घेऊन चालणाऱ्या किंवा चाकांच्या खुर्चीत बसणाऱ्या मुलास तर चिखलाच्या बागेत प्रवेशच नसतो. बाग सर्वांची व्हावयाची असेल तर आधी वाट, मग झाड, हा क्रम पाळला पाहिजे.

(अ) आखणी. चार दिवस मुलांची ये-जा पाहावी. फाटकापासून वर्गापर्यंत, वर्गापासून पाण्याच्या नळापर्यंत मुले आपोआप ज्या रेषेने जातात तीच वाट खरी. तिच्यावर दोरी लावून फक्कीने खुणा कराव्या. मुख्य वाट १२० सेंटिमीटर रुंद असावी, म्हणजे दोन मुले जोडीने व चाकांची खुर्ची सहज जाते. आडवाट ६० सेंटिमीटर पुरे.

(आ) खोदाई व भराव. माती १८ ते २० सेंटिमीटर खोल काढावी. काळी माती ओली होता फुगते व वाळता भेगाळते, म्हणून तेथे आणखी खोल जावे. दोन्ही कडांस दगड उभे बसवावे. त्यांचा दोनतृतीयांश भाग जमिनीत असावा. तळाशी १० सेंटिमीटर दगड-विटांच्या तुकड्यांचा थर घालून धुमसाने ठोकावा. त्यावर मुरूम पसरून, पाणी शिंपडून पुन्हा ठोकावा. ठोकल्यावर त्याची जाडी ८ सेंटिमीटर राहावी. हे काम गवंडी व पालक यांनी करावे. मुलांकडे मापे घेण्याचे काम द्यावे. कोकणात मुरमाऐवजी जांभ्याचा चुरा सोयीचा पडतो. गुळगुळीत फरशी पावसात निसरडी होते, म्हणून टाळावी.

(इ) उतार. वाटेचा मध्य कडांपेक्षा २ सेंटिमीटर उंच ठेवावा, आणि दोन्ही बाजूंचे वाफे वाटेपेक्षा खोलगट असावे. मग वाटेवर पडलेले पाणी वाहून वाफ्यात जाते. वाट कोरडी राहते व झाड ओले राहते. पायरीच्या जागी उतरण करावयाची असल्यास उंचीच्या बारापट लांबी ठेवावी. १५ सेंटिमीटरच्या पायरीस १८० सेंटिमीटर लांबीची उतरण लागेल.

(ई) गणित. वाट ३० मीटर लांब, १.२ मीटर रुंद व मुरमाचा थर ०.०८ मीटर असल्यास घनफळ २.८८ घनमीटर होते. मुरूम ब्रासाने मिळतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात सुमारे २.८३ घनमीटर. ठोकल्यावर सैल मुरूम खाली बसतो, यास्तव चौथा हिस्सा अधिक, म्हणजे साधारण सव्वा ब्रास मागवावा. याच वाटेवर १० मिलिमीटर पाऊस पडला तर ३६० लिटर पाणी पडते. काही मुरते, उरलेले वाफ्यास मिळते. हिरवळीने रोज मागितलेले ५०० लिटर व वाटेने एका सरीत दिलेले पाणी, ही दोन्ही उत्तरे विद्यार्थ्यांनी वहीत शेजारीशेजारी लिहावी.

४. पालकांची शंका

शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत एखादा पालक विचारील, "गुरुजी, झाडी वाढली की इचूकाटा आलाच. आमच्या पोरांचं काय?" ही शंका रास्त आहे व तिची थट्टा होता कामा नये. "दादा, वाट रुंद नि साफ ठेवू. झाड वाटेपासून हातभर मागं राहील," एवढे आश्वासन देऊन ते पाळावे. दगडांचे ढीग व पालापाचोळा वर्गाजवळ ठेवू नये, बिळे बुजवावी, उंदीर येऊ नयेत म्हणून उरलेले अन्न बागेत टाकू नये. मुलांनी वाट सोडून आत शिरू नये, हा एकच नियम असावा. साप दिसल्यास सर्वांनी मागे सरून शिक्षकांस सांगावे. मारण्यास धावू नये. दंश झाल्यास हालचाल न करविता, आवळपट्टी न बांधता व चिरा न देता मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

५. कामाचा क्रम

सगळी हिरवळ एकदम काढू नये; पहिल्या वर्षी निम्मी काढावी. मार्चमध्ये पाणी बंद करावे. एप्रिल-मेमध्ये जागा खणून हरळीच्या मुळ्या वर काढाव्या व उन्हात वाळू द्याव्या. शेतकरी पालक हे काम कोणाहूनही चांगले जाणतात. याच काळात वाट बांधून घ्यावी. जूनमध्ये पाऊस स्थिरावल्यावर रोपे लावावी व बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन करावे. पहिले दोन उन्हाळे रोपांस थोडे पाणी द्यावे लागेल. त्यासाठी हात धुण्याच्या जागेचे साबणविरहित पाणी पुरते.

६. विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

(१) हिरवळ काढण्यापूर्वी एक चौरस मीटर जागा दोरीने आखून तीत पाव तासात किती प्रकारचे प्राणी व कीटक दिसले ते नोंदवा. बाग झाल्यावर दर महिन्यास त्याच जागी पुन्हा मोजा.
(२) लिंबाच्या एका अळीचे रोज चित्र काढा. अळीस हात लावू नका.
(३) पाऊस थांबल्यावर वाटेवर पाणी कोठे साचते ते पाहा व त्याचे कारण लिहा.
(४) घरातील वडीलधाऱ्यांस विचारून, पूर्वी गावात दिसणाऱ्या व आता न दिसणाऱ्या तीन पाखरांची नावे आणा.

शिक्षकांनी या नोंदवह्या जपून ठेवाव्या आणि पुढील वर्षीच्या वर्गाच्या हाती द्याव्या. बागेची खरी परीक्षा शोभेवर न करता तीत मूल किती वेळा व किती निर्धास्तपणे गेले यावर करावी. कुबडी घेतलेला विद्यार्थीही भर पावसाळ्यात लिंबापर्यंत स्वतः जाऊन अळीचे चित्र काढून परत आला, तर वाट नीट बांधली गेली आणि पाठही नीट झाला, असे समजावे.