पंख्याच्या विमानांचा दम

मॅगझिनचा मराठी विभाग म्हटलं की पावसाच्या कविता ठरलेल्याच. मी पडले मेकॅनिकलची, त्यामुळे मी इंजिनावरच लिहिणार! शाळा कॉन्व्हेंटची, तेव्हा अधूनमधून इंग्रजी शब्द येतील, सांभाळून घ्या.

आमच्या बाभुळगावात एक फौजी आजोबा आहेत. नाव छापायचं नाही, असं त्यांनी बजावलंय. वायुसेनेत ते पॅकेट विमानांवर इंजिन फिटर होते, बरीच वर्षं आग्र्याला. गावात अनेकांना वाटतं की ते विमान चालवायचे. त्यावर ते म्हणतात, "चालवनारे दुसरे बाप्पा. आमी फक्त त्याची नाडी पाहत होतो." दिवाळीच्या सुट्टीत मी वही घेऊन त्यांच्याकडे बसले आणि पुस्तकात एका परिच्छेदात संपणारं रेडियल इंजिन मला खऱ्या अर्थाने समजलं.

आधी विमानांची ओळख करून घेऊ. पहिलं डकोटा. दुसऱ्या महायुद्धातलं हे मालवाहू विमान. २७ ऑक्टोबर १९४७ ला आपले सैनिक श्रीनगरला उतरले ते डकोटातूनच. आपल्या विदर्भाशीही त्याचं नातं आहे. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून टपालाची विमानं मध्यरात्री नागपूरला जमायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत विमानं परत! त्या कामातही डकोटाच होतं. दुसरं फेअरचाइल्ड कंपनीचं सी-११९, म्हणजे पॅकेट. हे १९५४ पासून आपल्या वायुसेनेत आलं. मधे पेटीसारखं पोट, दोन बाजूंना दोन लांब दांडे आणि मागे उघडणारी दारं. त्या दारांतून सामान भरायचं, आणि डोंगरातल्या चौक्यांवर पॅराशूटने टाकायचं.

आता इंजिन बघू. आपल्या गाडीत सिलिंडर एका ओळीत असतात. रेडियलमध्ये ते मधल्या क्रँकशाफ्टभोवती चाकाच्या आऱ्यांसारखे बसवलेले असतात. त्यामुळे क्रँकशाफ्ट आखूड आणि हलका होतो. शिवाय समोरून येणारा वाराच सिलिंडर थंड करतो, म्हणून रेडिएटर आणि पाण्याचं ओझं वाचतं. डकोटाच्या इंजिनात सात-सातच्या दोन रांगा, एकूण १४ सिलिंडर आणि सुमारे १२०० हॉर्सपॉवर. पॅकेटच्या इंजिनात नऊ-नऊच्या दोन रांगा, १८ सिलिंडर, जवळपास ५५ लिटर क्षमता आणि साडेतीन हजारांच्या आसपास हॉर्सपॉवर. म्हणजे एकेक सिलिंडर तीन लिटरचा, १०० सीसीच्या तीस मोटरसायकली एकत्र केल्यासारखा!

एका रांगेत सात किंवा नऊ, म्हणजे विषमच सिलिंडर का? हा व्हायव्हाचा आवडता प्रश्न. फोर स्ट्रोकमध्ये प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. म्हणून एक सोडून एक पेटवत जायचं: १, ३, ५, ७, ९ आणि मग न थांबता २, ४, ६, ८. नऊ असतील तर ही साखळी सारख्या अंतराने चालू राहते. आठ असते तर १, ३, ५, ७ नंतर पुन्हा १ वरच आलो असतो. तिथे लय मोडून बाजूच्या सिलिंडरवर उडी मारावी लागली असती आणि इंजिन हादरलं असतं.

आजोबांकडून कळलेल्या दोन गोष्टी तर आमच्या पुस्तकात नाहीतच. इंजिन उभं राहिलं की तेल झिरपून खालच्या सिलिंडरमध्ये साठतं. तसंच स्टार्ट केलं तर पिस्टन तेलावर आदळतो. तेल काही दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून आधी पंखा हाताने फिरवून बघायचा. अडला तर जोर लावायचा नाही, खालचे प्लग काढून तेल सोडायचं. आणि प्लग किती? प्रत्येक सिलिंडरला दोन, एका इंजिनाला ३६, एका विमानाला ७२!

आता मुख्य मुद्दा. आजोबा म्हणाले, "हवा पातळ झाली का इंजिनचा दम तुटते, मानसासारखाच." याचं गणित करून बघा. लडाखमधलं दौलत बेग ओल्डी सुमारे १६,६०० फुटांवर आहे. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के. विमानाला उचलणारा जोर घनता गुणिले वेगाचा वर्ग यावर ठरतो. घनता ०.६ झाली तर तोच जोर मिळवायला वेग सुमारे २९ टक्के जास्त हवा. म्हणजे धावपट्टी लांब लागणार. पण त्याच वेळी इंजिनाला हवा कमी, म्हणून ताकद कमी. सुपरचार्जर हवा दाबून काही उंचीपर्यंत भरपाई करतो, पुढे तोही थकतो. गरज वाढते तेव्हाच ताकद घटते! अशा जागी जुलै १९६२ मध्ये स्क्वाड्रन लीडर सी.के.एस. राजे यांनी पॅकेट उतरवलं.

डोंगरांवर दोनपैकी एक इंजिन बंद पडलं तर भरलेलं विमान उंची टिकवणार कसं? यावर साठच्या दशकात उपाय निघाला, तो म्हणजे पॅकेटच्या पाठीवर तिसरं इंजिन, तेही जेट. पुढे यासाठी हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बनवलेलं ऑर्फियस वापरलं गेलं. तेच नॅट या लढाऊ विमानाचंही इंजिन, सुमारे दोन टन जोर देणारं. पातळ हवेत जेटचाही जोर कमी होतो, वजन वाढतं, इंधनही जास्त लागतं. पण टेकऑफला आणि संकटात तो जादा जोर म्हणजे आतल्या माणसांचा जीव. तोटा माहीत असून, मोजून स्वीकारणं यालाच डिझाइन म्हणतात ना?

ऐंशीच्या दशकात पॅकेट निवृत्त झालं आणि एएन-३२ आलं. त्यालाही पंखाच, पण फिरवणारं इंजिन टर्बाइनचं, एकेक सुमारे पाच हजार हॉर्सपॉवरचं. दौलत बेग ओल्डीला ४३ वर्षांनी, ३१ मे २००८ रोजी पुन्हा विमान उतरलं, ते हेच. प्रश्न तोच राहिला, पातळ हवेचा. उत्तर देणारी यंत्रं बदलली.

मित्रांनो, यंत्रं म्युझियममध्ये ठेवता येतात. पण पंखा कुठे अडला की थांबायचं, हे हाताला कळतं, आणि ते हात आता ऐंशीच्या घरात आहेत. आजोबांना कानाशी जाऊन मोठ्याने विचारावं लागतं. आयुष्यभर इंजिनांजवळ राहिल्याची ती किंमत. तुमच्याही गावात असा एखादा फिटर, टर्नर, इंजिन ड्रायव्हर असेलच. येत्या सुट्टीत वही घेऊन त्यांच्याकडे जा. सिलॅबसमध्ये नाही ते तिथे मिळेल!