सिकलसेल : रक्ताची तपासणी, नवी औषधे आणि आपले घर



पिंपरी, भोसरी, चाकणच्या वस्त्यांत नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, वर्धा, यवतमाळकडून आलेली बौद्ध कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. कोणी प्रेस शॉपमध्ये आहे, कोणी मोल्डिंगवर, कोणी ठेकेदाराकडे पॅकिंगला. गावाहून येताना त्यांनी बाबासाहेबांची तसबीर आणली, नातीगोती आणली. काही घरांत मात्र कोणाला ठाऊक नसताना एक आजारही सोबत आला. त्याचे नाव सिकलसेल.

विदर्भातल्या सरकारी दवाखान्यात अंग दुखते, रक्त कमी आहे म्हटले की सिकलसेलचा प्रश्न लवकर निघतो. इकडे हा आजार कमी दिसतो, म्हणून तो डॉक्टरांना लगेच आठवेलच असे नाही. मग पोराचे सांधे दुखले की 'वात' म्हणतात, डोळे पिवळे झाले की 'कावीळ' म्हणून झाडपाला देतात, अंगात रक्त नाही म्हणून लोहाच्या गोळ्यांवर गोळ्या चालू राहतात. वर्षे जातात आणि खरा आजार तसाच राहतो. म्हणून या महिन्याचा पाठ सिकलसेलवर.

आजार होतो कसा?

आपल्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नावाचे प्रथिन असते. ते फुप्फुसातून प्राणवायू उचलते आणि अंगभर पोचवते. निरोगी तांबडी पेशी गोल आणि लवचीक असते. केसापेक्षा बारीक रक्तवाहिनीतूनही ती वाकून, दबून पुढे सरकते. ती साधारण १२० दिवस जगते.

हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ दुवे असतात. सिकलसेलमध्ये त्यातला फक्त सहावा दुवा बदललेला असतो. पण तेवढ्याने मोठा फरक पडतो. प्राणवायू सोडून दिला की हे बदललेले हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटते आणि त्याच्या लांब, कडक काड्या तयार होतात. प्लॅस्टिकच्या कारखान्यात काम करणाऱ्यांना पॉलिमर हा शब्द माहीत आहे : लहान कण जोडले जाऊन लांब साखळी होणे. पेशीच्या आत तसेच काहीसे घडते. त्या काड्यांमुळे पेशी ताणली जाऊन विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते. अशा पेशी बारीक वाहिनीत अडकतात. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही, म्हणून हाडे, सांधे, पोट, छाती असह्य दुखते. या पेशी १०-२० दिवसांतच फुटतात, म्हणून रक्त कमी होते आणि डोळे पिवळे दिसतात.

१९१० साली अमेरिकेत डॉ. जेम्स हेरिक यांनी अशा पेशींचे वर्णन प्रथम छापले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. एखाद्या आजाराचे मूळ एका रेणूत सापडल्याची ती पहिली वेळ होती. १९५८ साली नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले, तेव्हा त्यात महार समाजातल्या तपासण्याही होत्या. धम्मदीक्षेला तेव्हा दोनच वर्षे झाली होती.

हा 'आपल्या जातीचा' आजार आहे का?

नाही. तो आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, भूमध्य समुद्राकाठी आहे. भारतात अनेक आदिवासी समाजांत आहे, विदर्भात इतर जातींतही आहे. १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी त्याचे कारण दाखवून दिले. ज्याच्यात हा दोष आईवडिलांपैकी एकाकडूनच आला आहे, त्याला जिवावर बेतणाऱ्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तिथे हा दोष टिकून राहिला. कारण जंगल, डास आणि ताप हे आहे. शाप, करणी, मागच्या जन्मीचे पाप यांचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. आजच्या दुःखाचे खापर मागच्या जन्मावर फोडणे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये नाकारले आहे. कारण शोधा, म्हणजे उपाय सापडतो, ही तर धम्माची शिकवण. आता उपायाचा शोध कसा लागला ते पाहू.

तान्ह्या बाळाने दिलेला धागा

सिकलसेल घेऊन जन्मलेले बाळ पहिले काही महिने ठणठणीत असते. असे का? १९४८ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. जॅनेट वॉटसन यांनी हा प्रश्न विचारला. आईच्या पोटात असताना बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते. त्याला गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन किंवा 'एफ' म्हणतात. त्याच्या काड्या होत नाहीत, उलट ते दुसऱ्याच्याही काड्या होऊ देत नाही. जन्मानंतर ते हळूहळू बंद होते आणि साधारण सहा महिन्यांपुढे त्रास सुरू होतो. मग हे 'एफ' पुन्हा वाढवता आले तर?

पहिले उत्तर म्हणजे हायड्रॉक्सीयुरिया. १९९५ साली अमेरिकेत २९९ मोठ्या रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला. गोळी घेणाऱ्यांना वेदनेचे झटके वर्षाला साडेचारवरून अडीचपर्यंत, म्हणजे जवळजवळ निम्मे झाले. ही गोळी भारतात मिळते आणि ती फार महाग नाही. मात्र तिने पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून ठरावीक काळाने रक्ततपासणी करावीच लागते. मूल हवे असेल किंवा दिवस गेले असतील तर आधी डॉक्टरांना सांगावे. शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून ही गोळी आणू नये.

दुसरे उत्तर जनुकातच दुरुस्ती करण्याचे. जनुकाची नेमकी जागा कापणाऱ्या 'क्रिस्पर' या तंत्रासाठी इमॅन्युएल शार्पंतिये आणि जेनिफर डाउडना या दोन स्त्री शास्त्रज्ञांना २०२० चे नोबेल मिळाले. त्यावर आधारलेल्या 'कॅसजेव्ही' या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने मान्यता दिली. यात रुग्णाच्याच रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी बाहेर काढतात. 'एफ' बंद करणाऱ्या बटणाची जागा त्यांच्यात कापतात आणि त्या पेशी पुन्हा रुग्णाला देतात. चाचणीत ३१ पैकी २९ रुग्णांना सलग १२ महिने वेदनेचा मोठा झटका आला नाही. पण त्याआधी जुनी अस्थिमज्जा कडक केमोथेरपीने रिकामी करावी लागते, दवाखान्यात कित्येक आठवडे राहावे लागते, आणि पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे १८ कोटी रुपये.

आपल्याकडेही काम चालू आहे. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेने क्रिस्परवर आधारित उपचार विकसित केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो जाहीर झाला आणि भगवान बिरसा मुंडा यांच्या नावावरून त्याला 'बिरसा १०१' हे नाव मिळाले. तो पुढे नेण्यासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी करार झाला आहे. म्हणजे जिचे गेट आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे, त्या कंपनीत आपल्या घरातल्या आजाराचे औषध घडू शकते. ही आनंदाची बातमी आहे. पण बातमी आणि औषध यांत अंतर असते. हा उपचार अजून दवाखान्यात मिळत नाही. कोणी पैसे घेऊन 'जीन थेरपी करून देतो' म्हणाले, तर ती फसवणूक समजावी.

नवे म्हणजे चांगलेच, असेही नाही. हिमोग्लोबिनच्या काड्या होऊ न देणारी व्होक्सेलोटर ही गोळी २०१९ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीनेच ती जगभरातून मागे घेतली, कारण तिच्या फायद्यापेक्षा धोका जास्त दिसू लागला. पारखून घेणे हीच विज्ञानाची रीत आहे.

आज आपल्या हातात काय आहे?

१. तपासणी. पहिली साधी सोल्युबिलिटी टेस्ट असते. ती दोष आहे की नाही एवढेच सांगते. वाहक आहे की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीत कळते. एचपीएलसी यंत्रात बारीक कणांनी भरलेल्या नळीतून रक्ताचा नमुना जातो आणि वेगवेगळी हिमोग्लोबिन वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे ठरले आहे. महापालिकेच्या वायसीएममध्ये, ससूनमध्ये किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात केस पेपर काढताना स्वतःहून सांगा : "आम्ही विदर्भाकडचे आहोत, सिकलसेलची तपासणी करायची आहे."

२. लहान मुलांना पेनिसिलिन. सिकलसेलमध्ये प्लीहा लवकर निकामी होते, म्हणून साधा जंतुसंसर्गही लहान मुलाचा जीव घेऊ शकतो. १९८६ सालच्या अमेरिकेतील एका चाचणीत रोज तोंडाने पेनिसिलिन घेणाऱ्या लहानग्यांमध्ये न्यूमोकोकस जंतूचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाला. देशातला पहिला पेनिसिलिनचा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला तो आपल्याच पिंपरीत : हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, आपली एच.ए. कंपनी. पेनिसिलिन स्वस्त आणि जुने औषध आहे, पण पाच वर्षांखालच्या रुग्ण बालकासाठी आजही ते लाखमोलाचे. त्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. न्यूमोकोकल लस सरकारी लसीकरणात दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयात मोफत मिळते. ती चुकवू नका.

३. रोजची काळजी. भरपूर पाणी, फॉलिक अ‍ॅसिडची गोळी, थंडीत अंगभर कपडे, पुरेशी झोप. लोहाच्या गोळ्या मात्र तपासणी करून, डॉक्टरांनी सांगितल्या तरच घ्याव्यात.

४. धोक्याची लक्षणे. १०१ च्या वर ताप, छातीत दुखणे आणि धाप, अचानक पांढरेफटक पडणे व पोटाची डावी बाजू फुगणे, हातपाय लुळा पडणे किंवा बोलणे अडखळणे, पुरुषाच्या लिंगाला तासन्‌तास उतरत नाही असा वेदनादायक ताठरपणा. यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता मोठ्या दवाखान्यात जा. लाजू नका.

कंपनीत काम करणाऱ्यांसाठी

अंगातले पाणी कमी होणे, अति श्रम, उकाड्यातून एकदम गारठ्यात जाणे, जागरण, ताप यांनी झटका येतो. फर्नेसजवळचे काम, पाणी पिऊ न देणारी लाइन आणि सलग नाइट शिफ्ट या रुग्णाला झेपत नाहीत. तो कामचोर नसतो. पाण्याची बाटली मशीनजवळ ठेवा, डॉक्टरांचे पत्र घेऊन हलके काम मागा. पगारातून ईएसआय कापला जात असेल तर त्याचे कार्ड काढून ठेवा. वाहकाला सहसा काही त्रास नसतो. त्याला आजारी समजून कामावरून काढणे चूक आहे.

लग्न जुळवताना

दोष फक्त आईकडून किंवा फक्त वडिलांकडून आला तर माणूस वाहक, म्हणजे 'एएस' असतो. दोघांकडून आला तर रुग्ण, म्हणजे 'एसएस'. नवराबायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता रुग्ण मुलाची, चारात दोन वाहकाची, चारात एक पूर्ण निरोगी मुलाची. 'पहिले आजारी निघाले, आता पुढची तीन चांगली' असा हिशेब होत नाही. दर वेळी शक्यता तीच. दोघांपैकी एकच वाहक असेल तर मूल सिकलसेलचा रुग्ण होत नाही. मात्र दुसऱ्याला थॅलेसेमियासारखा हिमोग्लोबिनचा वेगळा दोष नाही ना, हेही तपासून घ्यावे.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, मूल आजारी निघाले की सुनेला बोल लावणे हा अन्याय आहे, कारण दोष दोघांकडून आल्याशिवाय रुग्ण जन्मत नाही. दोन, वाहक मुलीचे किंवा मुलाचे लग्न अडवण्याचे कारण नाही. बोलणी पक्की होण्याआधी दोघांनी सिकलसेलचे कार्ड दाखवावे. लपवणे हाच खरा दोष. लग्न आधीच झाले असेल आणि दोघेही वाहक असतील, तर दिवस गेल्याबरोबर डॉक्टरांना गाठावे. गर्भाची तपासणी सुरुवातीच्या महिन्यांतच करता येते. मुंबईत केईएमच्या आवारातली राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था या कामातली जाणकार आहे.

आपले हक्क

२०१६ च्या अपंग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या अपंगत्वांत सिकलसेलचा समावेश आहे. रुग्णाने प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा. ते शाळेत, परीक्षेत आणि सवलतींसाठी उपयोगी पडते. रक्त चढवण्याची वेळ आली तर सरकारी रक्तपेढीत सिकलसेल रुग्णाला रक्त मोफत मिळते. ओळखपत्र दाखवा आणि मागा.

अतिसाराने आजारी पडलेल्या एका भिक्खूकडे कोणी पाहत नव्हते, तेव्हा भगवान बुद्धांनी आनंदाला सोबत घेऊन त्याला स्वतः आंघोळ घातली, ही कथा आपण विहारात ऐकतो. आपल्या गल्लीत वेदनेने रात्रभर तळमळणारे पोर असेल, तर ती कथा आपल्यासाठीच आहे.

रविवारच्या विहारातील चर्चेसाठी

१. आपल्या घरात वारंवार सांधेदुखी, कावीळ किंवा रक्त कमी असणारे कोण आहे? त्यांची सिकलसेल तपासणी झाली आहे का?
२. वाहक आणि रुग्ण यांत फरक काय? शेजारणीला तो कसा समजावून सांगाल?
३. पुढच्या पौर्णिमेला विहारात तपासणी शिबिर घ्यायचे झाले, तर महापालिकेच्या दवाखान्यात अर्ज कोण देईल? त्या व्यक्तीचे नाव आजच ठरवा.