शोभेच्या शतावरीवेली ओळखताना

अस्पॅरॅगस म्हणजेच शतावरीच्या प्रजातीतील ज्या वेली शोभेसाठी लावल्या जातात, त्यांना बाजारात सरसकट ‘फर्न’ म्हटले जात असले, तरी नेच्यांशी त्यांचे जवळचे नाते नाही; नेचे बीजाणूंपासून वाढतात, तर या वेलींना लहान पांढरट फुले आणि गोल मांसल फळे येतात. त्यांची ‘पाने’देखील पाने नव्हेत. खरी पाने खवल्यांएवढी उरलेली असतात किंवा त्यांचे काटे झालेले असतात, आणि अन्न तयार करण्याचे काम हिरवी पर्णकांडे, म्हणजे पानांचे रूप घेतलेल्या फांद्या, करतात. एका पेरावर पर्णकांडे किती आणि कशी आहेत, हे पाहणे ही ओळखीची पहिली पायरी होय.

फुलवाले गुच्छांत वापरतात ती पिसासारखी अस्पॅरॅगस सिटॅसियस, जिला पूर्वी प्लुमोसस म्हणत. तिची केसासारखी बारीक, जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची पर्णकांडे झुपक्यांनी येतात, फांद्या एकाच पातळीत पसरतात आणि फळ पिकल्यावर जांभळट काळे होते. मात्र कोवळेपणी ती झुडपासारखी राहते आणि पुढे लांब, काटेरी वेल सोडते. म्हणून कुंडीतल्या लहान रोपावरून निर्णय करणारा हमखास फसतो. अस्पॅरॅगस स्कँडेन्सला काटे नसतात, तिची चपटी पर्णकांडे तीन-तीनच्या गटांत, एक मोठे व दोन लहान अशी असतात आणि फळे नारिंगी-लाल होतात. फॅल्केटसची पर्णकांडे कोयत्यासारखी वाकडी व कित्येक सेंटिमीटर लांब असून तिचे आकडेदार काटे हाताला लगेच जाणवतात.

अस्पॅरॅगस अस्पॅरॅगॉइडीस, म्हणजे ‘ब्रायडल क्रीपर’, हिची रुंद, चकचकीत पर्णकांडे एकेकटी येत असल्याने ती सहज ओळखू येते असे वाटते. ऑस्ट्रेलियाचा अनुभव मात्र सावध करणारा आहे. दक्षिण आफ्रिकेतून शोभेसाठी नेलेली ही वेल तेथे पक्ष्यांनी फळे खाऊन रानोमाळ पसरवली आणि जमिनीतील कंदांमुळे ती उपटूनही पुन्हा फुटू लागली, तेव्हा 2000 मध्ये तिच्यावर तांबेरा पाडणारी बुरशी सोडण्यात आली. सर्वसामान्य वेलीवर या उपायाचा चांगला परिणाम झाला, पण तिच्याच ‘वेस्टर्न केप’ नावाच्या, दिसायला जवळजवळ तशाच प्रकाराला ती बुरशी लागत नाही. ओळख चुकली की उपायही वाया जातो, याचा याहून स्पष्ट दाखला सापडणे कठीण.

महाराष्ट्रात हा प्रश्न औषधी शतावरीमुळे, म्हणजे अस्पॅरॅगस रेसिमोससमुळे, अधिक गंभीर होतो, कारण तीही काटेरी असून तिचीही पर्णकांडे सुईसारखी असतात. परंतु ती एक ते अडीच सेंटिमीटर लांब व किंचित वाकलेली असतात आणि एका झुपक्यात साधारणपणे दोन ते सहाच येतात. फुलांचे सुवासिक तुरे लागतात, फळे लाल होतात आणि बुडाशी जाड, लांबट मुळ्यांचा घोस असतो, जो सिटॅसियसला नसतो. एकच लक्षण पुरेसे मानू नये. काटे, पर्णकांडे, फळ आणि मूळ या चारही गोष्टी जुळेपर्यंत नाव पक्के करू नये, आणि केवळ रोपवाटिकेतील पाटीवर विसंबून कोणत्याही वेलीची मुळी औषध म्हणून पोटात घेऊ नये.