वड्याचं तेल वांग्यावर : मनाच्या संरक्षण यंत्रणा

इंजिनिअरिंगच्या मासिकात मानसशास्त्र कशाला, असं काही जण म्हणतील. पण रिझल्टच्या दिवशी होस्टेलच्या कॉरिडॉरमधून एक चक्कर मारा, या विषयाचं सगळं प्रॅक्टिकल तिथंच बघायला मिळतं. एम-थ्रीत उडालेला एक जण म्हणतो, "पेपर वाचलाच नाही राव त्यांनी." दुसरा म्हणतो, "मला कुठं फर्स्ट क्लास पाहिजे होता?" तिसरा घरून आलेल्या फोनवर धाकट्या भावावर उगीच खेकसतो.

सिग्मंड फ्रॉईड यांनी १८९४ च्या एका लेखात 'संरक्षण' ही कल्पना मांडली. त्यांची मुलगी अॅना फ्रॉईड यांनी १९३६ मध्ये या यंत्रणांवर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. चिंता सोसेनाशी झाली की मन आपल्या नकळत वास्तवाला थोडा बाक देते, असा त्याचा अर्थ. 'नकळत' हा शब्द महत्त्वाचा. ठरवून मारलेली थाप यात बसत नाही.

गंमत म्हणजे आपल्या म्हणींना हे आधीच ठाऊक होते. कोल्ह्याला द्राक्षे आंबट, नाचता येईना अंगण वाकडे, ही झाली समर्थनाची उदाहरणे. सरांवरचा राग भावावर काढणे हे विस्थापन, म्हणजेच वड्याचे तेल वांग्यावर.

सगळ्यात अवघड यंत्रणा अस्वीकाराची. माझ्या एका रूम पार्टनरचे आईवडील दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जायचे. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून याची फी भरलेली. याचे चार विषय राहिले, तर पठ्ठ्या दुपारपर्यंत झोपायचा, जोक मारायचा. मार्कशीट बघायलाही तयार नाही. "निघतील की रिव्हॅल्युएशनला," म्हणायचा. पण त्या फॉर्मची तारीख निघून गेली तरी हा जागचा हलला नाही. पोरं त्याला बिनधास्त म्हणायची. मला तसं वाटत नाही. त्या मार्कशीटकडे बघायचं म्हणजे आईवडिलांच्या हातातल्या कोयत्याकडे बघायचं होतं, आणि तेच त्याला झेपत नव्हतं. तिकडून वडील फोनवर सांगायचे, "हिकडं समदं बरं हाय, तू अभ्यास कर." (वडिलांचं बोलणं मात्र संरक्षण यंत्रणा नव्हे. ते जाणूनबुजून होतं.)

आपल्या भाषेत सांगायचं तर हा बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. परळीच्या औष्णिक केंद्रावर व्हिजिटला गेलेल्यांना लगेच कळेल. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की व्हॉल्व्ह उघडतो, वाफ सोडतो, दाब उतरला की बंद होतो. तो नसेल तर बॉयलर फुटेल. पण व्हॉल्व्हमुळे भट्टी काही विझत नाही. तो सारखाच फुसफुसत असेल तर ऑपरेटरने खाली जाऊन बघायलाच पाहिजे. आणि तो जबरदस्तीने दाबून धरणं तर सगळ्यात धोक्याचं. म्हणून चारचौघांत "तू स्वतःला फसवतोयस" असं कुणाला सुनावू नये. आधार काढून घेतला की माणूस सावरत नाही, उलट जास्त घाबरतो.

सगळ्या यंत्रणा सारख्या नसतात. जॉर्ज व्हॅलियंट या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९७७ च्या पुस्तकात त्यांची कच्च्यापासून पक्व अशी उतरंड लावली. विनोद, उदात्तीकरण आणि निग्रह या त्याच्या मते पक्व. निग्रह म्हणजे 'घरचं टेन्शन पेपर झाल्यावर बघू' असं ठरवून बाजूला ठेवणे, आणि पेपर झाल्यावर खरंच बघणे.

आमच्या मित्राला शेवटी कुणी उपदेश केला नाही. एका रात्री चहा पिता पिता कागदावर चार विषय लिहिले, कुठला आधी काढायचा ते ठरवलं. एम-थ्री हिवाळी परीक्षेत निघाला, बाकीच्यांना आणखी वर्ष गेलं.

दुष्काळ आणि कर्जाने गांजलेल्या शेतकऱ्यांसाठी राज्य सरकारने २०१५ मध्ये प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात आपला बीड जिल्हाही होता. ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा १४४१६ या नंबरवर आहे. मराठीत बोलता येतं. नंबर होस्टेलच्या नोटीस बोर्डावर लावून ठेवा.