धाप म्हणजे म्हातारपण नव्हे : जुनाट श्वासविकार आणि गावचा दवाखाना

हिवाळ्याची चाहूल लागताच गावोगावच्या दवाखान्यांतून खोकल्याच्या रुग्णांची गर्दी वाढू लागते. त्यांत चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या स्त्री-पुरुषांचा भरणा मोठा असतो. चढण चढताना धाप लागते, हंडा उचलवत नाही, सकाळी बेडका पडेपर्यंत खोकला थांबत नाही, अशा त्यांच्या तक्रारी असतात. 'आता वय झाले' असे म्हणून घरची माणसे आणि रुग्ण स्वतःही स्वस्थ राहतात. खोकल्याचे औषध नेले जाते, चार दिवस बरे वाटते आणि पुढच्या थंडीत तोच रुग्ण अधिक खालावलेल्या स्थितीत परत येतो. वस्तुतः ही धाप वार्धक्याची नसून एका ओळखता येणाऱ्या आणि आटोक्यात ठेवता येणाऱ्या रोगाची असू शकते.

रोगाचे स्वरूप

वैद्यकीय परिभाषेत हा रोग 'सीओपीडी' या आद्याक्षरांनी ओळखला जातो. श्वासमार्गातील दीर्घकालीन अवरोध असे त्याचे वर्णन करता येईल. वर्षानुवर्षे धूर व धूळ श्वासावाटे आत गेल्याने श्वासनलिकांना सूज येते, त्या अरुंद होतात आणि फुफ्फुसातील नाजूक वायुकोश झिजतात. आत घेतलेली हवा पुरती बाहेर पडत नाही व नव्या श्वासाला जागा उरत नाही. दम्यात हा अवरोध येतो आणि बव्हंशी ओसरतो. या रोगात तो कायम राहतो व हळूहळू वाढतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या वर्षी जगात या रोगाने सुमारे ३५ लाख माणसे दगावली. भारतातील रुग्णांची संख्या १९९० मध्ये २ कोटी ८१ लाख होती, ती २०१६ मध्ये ५ कोटी ५३ लाखांवर गेली, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासात नमूद आहे. त्याच अभ्यासानुसार भारतात या रोगाच्या एकूण भारापैकी निम्म्याहून अधिक वाटा घरातील व बाहेरील प्रदूषित हवेचा, तर सुमारे एक चतुर्थांश वाटा तंबाखूचा आहे. विडीला कधी न शिवलेली, परंतु तीस वर्षे चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेली गृहिणीही या रोगाची शिकार होते, ही गोष्ट म्हणूनच ध्यानात ठेवली पाहिजे. केवळ 'विडी ओढता का?' एवढेच विचारणाऱ्या डॉक्टरांच्या नजरेतून ती नेमकी निसटते.

निदान कसे होते?

दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असल्यास प्रथम क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी. ती शासकीय केंद्रांत विनामूल्य होते. मात्र क्षयरोग नाही असे कळल्यावर तपासणी तेथेच थांबता कामा नये. पूर्वी क्षयरोग होऊन गेलेल्या व्यक्तीच्या फुफ्फुसातही असा अवरोध मागे राहू शकतो.

पक्के निदान स्पायरोमीटर या उपकरणाने होते. रुग्णाने छातीभर श्वास घेऊन तो जोराने व पूर्णपणे नळीत सोडावयाचा असतो. बाहेर पडलेल्या एकूण हवेपैकी पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली हे त्यावरून कळते. श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यानंतरही हे प्रमाण ७० टक्क्यांहून कमी राहिले, तर अवरोध कायमचा आहे असे समजतात. प्राथमिक केंद्रात उपकरण नसल्यास रुग्णाला मोठ्या रुग्णालयाकडे एकदा पाठवावे. निदान झाल्यानंतर नित्याची देखरेख मात्र गावाजवळच्या डॉक्टरांनीच करावयाची आहे.

धूर थांबविणे हाच पहिला उपचार

फ्लेचर व पेटो या संशोधकांनी पश्चिम लंडनमधील कामकरी पुरुषांची आठ वर्षे पाहणी करून १९७७ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. धूम्रपान सोडल्याने गमावलेली फुफ्फुसशक्ती परत येत नाही. परंतु पुढील ऱ्हासाचा वेग धूम्रपान न करणाऱ्या माणसाइतका मंदावतो, असे त्यांना आढळले. 'आता सोडून काय उपयोग?' या प्रश्नाचे उत्तर यात आहे. कोणत्याही वयात विडी सोडली तरी उरलेला श्वास वाचतो.

पंप आणि गैरसमज

'पंपाची सवय लागते', 'पंप म्हणजे शेवटचा उपाय' हे समज खेड्यांत व शहरांतही दृढ आहेत. ते निराधार आहेत. सालब्युटामॉलची नेहमीची गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे ४,००० मायक्रोग्रॅमची असते; पंपाचे दोन फवारे मिळून अवघे २०० मायक्रोग्रॅम होतात. औषध थेट श्वासनलिकेत पोहोचत असल्याने विसाव्या हिश्श्यात काम भागते आणि हृदयाची धडधड, हातांचा कंप यांसारखे त्रास कमी होतात.

तथापि, पंप वापरण्याची रीत चुकली तर औषध घशातच राहते. पंप नीट हलवावा, श्वास पूर्ण सोडावा, तोंडी ओठांत घट्ट धरावी, सावकाश श्वास आत घेताना पंप दाबावा आणि सुमारे दहा सेकंद श्वास रोखून धरावा. पंपाला स्पेसर नावाची पोकळ नळी जोडल्यास वृद्धांना हे सोपे जाते. स्टेरॉइडयुक्त पंपानंतर चूळ भरावी. ही कृती रुग्णाकडून प्रत्येक भेटीत करवून पाहणे हे डॉक्टरांचे वा परिचारिकेचे काम आहे. चिठ्ठी लिहून देण्याने ते पुरे होत नाही.

औषधांच्या जोडीला रोज झेपेल तेवढे चालणे आवश्यक आहे. धापेच्या भीतीने बसून राहिल्यास स्नायू दुबळे होतात व धाप आणखी वाढते. दरवर्षी फ्ल्यूची लस आणि वैद्यकीय सल्ल्याने न्यूमोनियाची लस घेणे हितावह ठरते.

धाप एकाएकी वाढली, बेडका वाढला किंवा त्याचा रंग पिवळा-हिरवा झाला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ओठ निळसर पडणे, वाक्य पुरे न होणे, गुंगी येणे ही धोक्याची चिन्हे होत. अशा रुग्णाला प्राणवायूही मोजूनच द्यावा लागतो. ऑक्सिमीटरवरील प्रमाण ८८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान राखणे पुरेसे असते.

गावाचा वाटा

तीस वर्षांवरील व्यक्तींची माहिती भरताना आशा कार्यकर्त्या घरातील इंधन आणि कामाच्या जागचा धूर यांचीही नोंद घेतात. ही नोंद कागदावर न राहता धाप लागणारी व्यक्ती डॉक्टरांपर्यंत पोहोचते की नाही, हे ग्राम आरोग्य समितीने पाहावे. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने अनेक घरांत गॅस पोहोचविला. तरीही सिलिंडरचा खर्च झेपत नसल्याने पुष्कळ ठिकाणी चूलही पेटते. अशा घरांत धुराडे, खिडकी आणि वाळलेले सरपण यांची व्यवस्था करता येते. कचरा व पालापाचोळा जाळण्याऐवजी त्याचे खत करण्याचा निर्णय ग्रामसभा घेऊ शकते. शिक्षकांनी वर्गात हा विषय घेतल्यास विद्यार्थी तो घरी नेतील.

या रोगाची झालेली हानी भरून येत नाही. म्हणून प्रत्येक वाया गेलेला हिवाळा रुग्णाला महाग पडतो. घरातील आजी दोन पायऱ्यांवर थांबू लागली, तर त्याचे कारण तिच्या वयात शोधण्यापूर्वी तिला दवाखान्यात न्यावे.