टीका केली म्हणजे गुन्हा होतो का?

प्रश्न : यात्रेतील पशुबळीविरुद्ध मी लेख लिहिला. भावना दुखावल्याची तक्रार करू, असे काही जण धमकावतात. शिक्षा होईल का?

उत्तर : केवळ भावना दुखावल्या म्हणून शिक्षा होत नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम २९९ (पूर्वीचे २९५-अ, १९२७ पासूनचे) जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेल्या धार्मिक अपमानालाच लागते. या अटीवर भर देऊनच सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये, रामजीलाल मोदी खटल्यात, ते वैध ठरवले. शिवाय सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय न्यायालय खटल्याची दखल घेत नाही. खरी अडचण त्याआधीची : गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. निर्दोष माणसालाही अटकेची धास्ती राहते, हे मला अन्यायाचे वाटते. लेखाची मूळ प्रत आणि संदर्भ जपून ठेवा. नोटीस आली तर लगेच वकील गाठा. घाबरून लेख मागे घेऊ नका.