बॉयलर बदलताय? आधी माणसांचा खर्च धरा

बुटीबोरी, हिंगणा किंवा कळमेश्वरच्या एमआयडीसीत तुमचा कारखाना आहे आणि कोळशाचा बॉयलर काढून पांढऱ्या कोळशाचा, गॅसचा किंवा विजेवरचा बसवायचा आहे. पुरवठादाराच्या कोटेशनमध्ये यंत्र, पाइपिंग, चिमणी, जीएसटी सगळं असतं. कोळसा उतरवणारे, राख उचलणारे आणि भट्टी सांभाळणारे यांच्या नावाची ओळ मात्र नसते. ती तुम्हीच घाला, आणि तीही ऑर्डर देण्याआधी. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांत किंवा वेकोलिच्या खाणींत ठेके घेत असाल, तर हेच गणित तुमचंही आहे. कोराडीचे १२० मेगावॉटचे जुने संच बंद झालेलेच आहेत. देशाचं नेट झिरोचं वर्ष २०७० असलं, तरी तुमच्या ठेक्याची मुदत त्याच्या कितीतरी आधी संपेल.

एका कामगाराला कमी करायला किती लागतात? मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना ₹१८,०००, नोकरी ९ वर्षं ७ महिने, असं धरा. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष मोजला जातो, म्हणून वर्षं १०. ग्रॅच्युइटी: १८,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले १०, म्हणजे ₹१,०३,८४६. कपातीची भरपाई: दर वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार, म्हणजे ₹९०,०००. एक महिन्याची नोटीस, किंवा तिच्याऐवजी ₹१८,०००. पुनर्कौशल्य निधी: १५ दिवसांचा शेवटचा पगार, सुमारे ₹९,०००. बेरीज ₹२,२०,८४६. शिल्लक रजेचे पैसे आणि थकीत बोनस वेगळे. असे आठ जण असतील तर साडेसतरा लाखांहून जास्त.

यातला पुनर्कौशल्य निधी बहुतेक मालकांच्या हिशेबात नसतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने तो आणला. ही रक्कम कपातीपासून ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायला हवी. दुसरा छुपा आकडा ‘पगार’ या शब्दात आहे. मूळ पगार ₹७,००० आणि बाकी ₹११,००० भत्ते, अशी पावती अनेक कारखान्यांत निघते. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले, की वरचा भाग आता पगारात मिसळतो. म्हणजे ग्रॅच्युइटी ₹७,००० वर नाही, ₹९,००० वर. तुमच्या लेखापालाने जुन्या पद्धतीने तरतूद केली असेल, तर ती आजच तपासा.

मुदती लक्षात ठेवा. कामावरून काढल्यावर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत. ग्रॅच्युइटी ३० दिवसांत, उशीर झाला तर व्याज. ५० किंवा जास्त कामगारांचा कारखाना पूर्ण बंद करायचा असेल, तर सरकारला ६० दिवस आधी नोटीस. ३०० किंवा जास्त असतील तर कपातीलाही आधी परवानगी लागते. कमी करताना शेवटी आलेला आधी जातो. क्रम बदलायचा तर कारण लिहून ठेवा. पुढच्या वर्षभरात भरती केलीत, तर काढलेल्यांना आधी विचारावं लागतं.

कुठे जायचं? कारखान्यासाठी नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधलं अपर कामगार आयुक्त कार्यालय. कोळसा खाणीतला ठेका असेल तर राज्याचं नव्हे, केंद्राचं कामगार आयुक्त कार्यालय. इथे फार जण चुकतात आणि नोटीस चुकीच्या टेबलावर पडून राहते. पीएफसाठी रघुजीनगरचं भविष्य निधी भवन. नमुने सध्या बदलत आहेत, म्हणून सल्लागाराच्या संगणकात पडलेला फॉर्म भरू नका. चालू नमुना कार्यालयातूनच घ्या. सोबत न्या: हजेरीपट, वर्षभराच्या पगारपावत्या, ज्येष्ठता यादी, पीएफ-ईएसआयची चलनं, ठेकेदाराचा परवाना आणि करार.

आता ‘जुगाड’. कोणीतरी सुचवेल, सगळ्यांकडून राजीनामे लिहून घ्या, प्रत्येकी पन्नास हजार हातावर ठेवा. एकाच तारखेचे, एकाच अक्षरातले आठ राजीनामे कोणत्याही न्यायालयात संशयास्पदच दिसतात, आणि ग्रॅच्युइटी तर राजीनाम्यानंतरही द्यावीच लागते. रोख देऊ नका, कोऱ्या कागदावर सही घेऊ नका. ‘ते ठेकेदाराचे लोक आहेत’ हेही उत्तर नाही: ठेकेदाराने पगार बुडवला तर तो तुमच्याकडून वसूल होतो. म्हणून ठेकेदाराचं शेवटचं बिल, माणसांच्या खात्यात पैसे पोचल्याचा बँकेचा उतारा पाहूनच सोडा.

त्यापेक्षा माणूस ठेवणं स्वस्त पडतं का, ते बघा. बऱ्याचदा पडतं. तीन महिने पूर्ण पगार देऊन शिकायला पाठवलंत, तर पीएफ-ईएसआयसह सुमारे ₹६३,००० लागतात, म्हणजे काढण्याच्या खर्चाच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी. सूर्यमित्र हा सौर यंत्रणेचा ६०० तासांचा कोर्स मोफत आहे. कोणी त्याची फी मागितली तर निघून या. मात्र त्याला दहावीसोबत इलेक्ट्रिशियन, वायरमन अशा ट्रेडचं आयटीआय लागतं. पन्नाशीतल्या, सातवी शिकलेल्या हमालाला ‘सोलरमध्ये घालू’ असं सांगणं ही फसवणूक आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

अशा माणसांचा विचार इंधन निवडतानाच करा. पऱ्हाटी, तुराट्या आणि सोयाबीनच्या कुटाराच्या ब्रिकेट, म्हणजे पांढरा कोळसा, घेतल्या, तर उतरवायला, शेडमध्ये रचायला आणि भट्टीत भरायला हात लागतातच. राख कमी निघते, पण निघते. बॉयलर अटेंडंटचं प्रमाणपत्र वाफेच्या बॉयलरला चालतं, इंधन कोणतंही असो. त्याला काढण्याचं कारणच नाही. गॅस किंवा वीज घेतलीत, तर ही कामं जवळपास संपतात. मग ते दोन लाख वीस हजार प्रत्येकी, गॅसच्या कोटेशनमध्ये मिळवा आणि दोन्ही पर्याय पुन्हा शेजारी ठेवा.

काढावंच लागलं, तर शेवटच्या दिवशी तीन गोष्टी हातात द्या: कामाचं नाव आणि वर्षं लिहिलेला अनुभवाचा दाखला, हिशेबाचा सही-शिक्क्याचा कागद, आणि यूएएनवर नोकरी सोडल्याची तारीख भरल्याचा प्रिंट. तुम्ही तारीख भरली नाहीत तर कामगाराला ती स्वतः भरायला शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने थांबावं लागतं. तेवढ्यात एखादा एजंट त्याला गाठतो आणि ऑनलाइन फुकट होणाऱ्या पीएफच्या अर्जाचे दोन-तीन हजार काढतो. आधार, बँक खातं आणि यूएएनवरचं नाव जुळतं का, हे नोटीस देण्याआधीच तपासून घ्या. नावातल्या एका अक्षराच्या दुरुस्तीत कित्येक आठवडे जाऊ शकतात.